प्रस्तावित रणभूमी

आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात जे झालं त्याला लोक 'नकाशेसाहेबांचं युद्ध' म्हणतात. नकाशेसाहेब म्हणजे मी. नगररचना खात्यात एकतीस वर्षं नकाशे काढले, म्हणून हे नाव पडलं. साहेब मी तिथं कधीच नव्हतो, तो मान निवृत्तीनंतर फुकट मिळाला. तर सांगायचं एवढंच की मी युद्ध केलेलं नाही. उलट युद्ध होऊच दिलं नाही कोणी, हीच माझी तक्रार होती. मला फक्त एक माणूस परत खेळायला बसवायचा होता.

तो माणूस म्हणजे घड्याळजी. आमच्या फाटकाला लागून त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, उभं कपाटच ते. आत एक माणूस आणि पन्नास घड्याळं मावतात, आणि त्या पन्नासांत कुठल्याही दोघांचं एकमत नसतं. अकरा वर्षं आम्ही रोज संध्याकाळी त्यांच्या फळीवर बुद्धिबळाचा पट मांडत होतो. अकरा वर्षांत मी जास्त वेळा जिंकलो. ते म्हणतात, ते जिंकले. हिशेब दोघांनीही ठेवलेला नाही, त्यामुळे मैत्री टिकली.

मग तो दिवस आला. दुकानापुढे दोन-तीन गिऱ्हाईकं उभी होती. घड्याळजींची बोटं वजिराला टेकली आणि चटकन मागे आली. वजीर जागचा हलला असता तर माझा हत्ती थेट त्यांच्या राजाच्या माजघरात.

"हात लावलात," मी म्हणालो. "आता वजीरच खेळा."

"लावला नाही हो. लागला."

आता 'लागला' आणि 'लावला' यांत फरक एका अक्षराचा, पण बुद्धिबळात तेवढ्यावर राज्य जातं. आणि नियम म्हणजे नियम. सोळा मीटरच्या रस्त्याला मी कधी पंधरा मीटर म्हटलेलं नाही, मग भले कोणाचं कुंपण पडो.

"लागेल कसा?" मी म्हणालो. "हात थरथरतो की काय तुमचा?"

गिऱ्हाईकं हसली. चांगला विनोद होता. घड्याळजींनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग म्हणाले, "बरं. लावला." त्यांनी वजीर हलवला, हरले, पट गुंडाळला आणि त्या दिवसापासून सहा महिने माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. शेवटी कबूल केलंच, हे मी सोसायटीत चारचौघांना अभिमानाने सांगितलं. पण कबुलीबरोबर रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळता येत नाही, हे हळूहळू ध्यानात आलं.

येता-जाता मी दुकानाकडे न बघितल्यासारखं बघायचो. घड्याळदुरुस्तीची जुनी पाटी जाऊन तिथं 'फक्त सेल व पट्टे बदलून मिळतील' अशी नवी पाटी लागली होती. मी मनात म्हणालो, बघा, माणूस खेळात घसरला की धंद्यातही आळसावतो.

इकडे घरात माझी संध्याकाळ कशीबशी जात होती. स्वयंपाकघरातले डबे मी उंचीप्रमाणे लावून प्रत्येकावर क्रमांक घातले. चार दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, सात नंबरच्या डब्यात काय आहे ते आठवायला मला आता तक्ता लागतो. एकतर त्या घड्याळजींना परत आणा, नाहीतर तुम्ही कुठेतरी जा."

"मी का जाऊ? चूक त्यांची होती. त्यांनी स्वतः—"

"कबूल केलं. माहितीये. सगळ्या सोसायटीला माहितीये."

तेव्हा मध्ये पडली आमची सूनबाई. ती दर रविवारी मैत्रिणींकडे युद्ध करायला जाते. म्हणजे टेबलावर छोटे छोटे रंगवलेले शिपाई मांडायचे, टेपने अंतर मोजून पुढे सरकवायचे आणि फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं.

"बाबा, बुद्धिबळच कशाला हवं?" ती म्हणाली. "काहीतरी नवीन खेळा ना त्यांच्याबरोबर."

"तो तुमचा खेळ? शंभर शंभर राक्षस रंगवत बसायचं?"

"तो झाला सगळे खेळतात तो. त्याला कंटाळलेत लोक. आता पुष्कळ वेगळे खेळ निघालेत, लहान लहान."

तिने मला चार खेळ समजावून दिले. एक जहाजांचा होता. त्यात वारा कुठून वाहतो हे ठरवण्यातच अर्धा तास जात होता. एकात अक्राळविक्राळ प्राणी होते, पण त्याची नियमावली आमच्या खात्याच्या नियमावलीपेक्षा जाड निघाली, आणि आमच्या खात्याची मी एकतीस वर्षांत पुरी वाचली नव्हती. तिसऱ्यात शिपाई घाबरून स्वतःहूनच पळून जायचे. असले मी नोकरीत पुष्कळ पाहिलेत. चौथ्यात दोन्हीकडे आठ-आठच शिपाई आणि सगळे नियम एका कागदावर पाठपोट.

प्रत्येक खेळाबद्दल मी एकच प्रश्न विचारत होतो. "हात लावलेला शिपाई खेळावाच लागतो का?"

"छे हो बाबा. कितीही हात लावा. धक्का लागून पडला तर परत उभा करायचा."

मी चौथा खेळ पक्का केला. मनात म्हटलं, आता हात लागो की लावो, या माणसाला उठून जायला कारणच उरणार नाही.

सूनबाईने सोळा शिपाई आणून दिले, नुसते पांढरे. आठ लाल रंगवले, आठ निळे. लाल रंग बायकोच्या नखांचा होता, याची वाच्यता सूनबाई करणार नव्हती, पण बाटलीच बोलली. शिपाई उभे राहावेत म्हणून प्रत्येकाच्या पायाखाली कोटाचं एकेक बटण चिकटवलं. माझ्याकडे दोन कोट होते. आता दोन्ही उघडेच घालावे लागतात.

नियमांच्या कागदावर शेवटी लिहिलं होतं की पहिला डाव ओळखीच्या जागेवर मांडा. ओळखीची जागा म्हणजे कोणती? आपली सोसायटी! मी पुठ्ठा, थर्माकोल, गोंद घेऊन बसलो आणि तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षांची सगळी हौस भागली. प्रमाण एकास पन्नास. ए विंग, बी विंग, फाटक, बाग, गच्चीवरचे पत्रेसुद्धा. खिडक्या मोजून घ्यायला मी खाली उभा राहिलो तर ए विंगच्या तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी पडदा ओढला. कलावंताला हे सोसावं लागतं.

फक्त दोन-तीन किरकोळ बदल केले. शिपायांना धावायला जागा हवी, म्हणून गाड्यांचा तळ काढून टाकला. पाण्याची टाकी मध्ये येत होती, ती कोपऱ्यात नेली. आणि युद्ध म्हटलं की आडोशाला एखादी पडकी भिंत हवीच, म्हणून बी विंग अर्धी पाडली. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आखली, उत्तरेचा बाण काढला, आणि सवयीने सुंदर अक्षरांत लिहिलं: 'प्रस्तावित रणभूमी'. एकतीस वर्षं प्रत्येक नकाशावर 'प्रस्तावित' लिहिलेल्या हाताला नुसतं 'रणभूमी' लिहिताच येईना.

घड्याळजींचं दुकान सगळ्यात शेवटी केलं. आगपेटीएवढं, पण आत पन्नास घड्याळं ठिपक्यांनी काढली आणि वर जुनी पाटी रंगवली. ते मात्र मी रणभूमीवर चिकटवलं नाही. खिशात ठेवलं. घड्याळजी आले की त्यांच्यासमोर, त्यांच्या डोळ्यांदेखत ते फाटकाशी ठेवायचं, असा माझा बेत होता. हीच माझी माफी समजा. तोंडाने मागणं माझ्या स्वभावात नाही.

आमंत्रण सूनबाईच्या हातून धाडलं. ती घड्याळाचा पट्टा बदलायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "बघू म्हणाले." घड्याळजींच्या 'बघू'चा अर्थ मला अकरा वर्षांत कळलाय. तो 'येतो' असा असतो.

आता रणभूमी ठेवायची कुठे? जेवणाच्या टेबलावर तिला तीन दिवस मुदत मिळाली होती आणि चौथ्या दिवशी आम्ही जमिनीवर जेवलो, तेव्हा बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो आणि सोसायटीच्या हॉलसाठी अर्ज घेऊन सचिवांकडे गेलो. सचिव निवृत्त मुख्याध्यापक आहेत. कागद हातात घेतला की लाल पेन आपोआप उघडतात.

"कार्यक्रमाचा प्रकार?" त्यांनी विचारलं. "वाढदिवस, सभा, इतर. यांतलं काय?"

"युद्ध," मी म्हणालो.

"म्हणजे इतर. इतरला कार्यकारिणीची मंजुरी लागते. कार्यकारिणी दोन महिन्यांनी बसेल."

"वाढदिवस?"

"कोणाचा? दाखला जोडा."

मग त्यांनाच माझी दया आली. "सभा लिहा," ते म्हणाले. "सभेला काही लागत नाही. फक्त फळ्यावर सूचना लावावी लागते, ती मी लावतो."

आणि त्यांनी ती लावली. 'रविवारी सायंकाळी पाच वाजता हॉलमध्ये सभा. विषय: नकाशेसाहेबांचा नमुना.'

रविवारी पाचला मी रणभूमी टेबलावर ठेवली, लाल शिपाई फाटकाशी आणि निळे बागेत उभे केले, दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि दार उघडलं. बाहेर सत्तावन्न माणसं होती.

पहिल्या आत आल्या बी विंगच्या मावशी. त्यांनी टेबलाकडे पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. "अगं बाई! अर्धी बी विंग पाडणार?"

"मावशी, तो आडोसा आहे."

"आमचं स्वयंपाकघर गेलं आणि तुम्ही त्याला आडोसा म्हणता?"

मागून दोनगाडीवाले घुसले. त्यांच्याकडे दोन गाड्या आणि एकच जागा आहे, त्यामुळे ते कायम चिडलेले असतात. "गाड्यांचा तळ कुठाय?" ते ओरडले. "सगळा तळच खाल्ला! आणि ही लाल माणसं कोण? कंत्राटदाराची?"

"अहो, शिपाई आहेत ते!"

"म्हणजे पोलीस बंदोबस्तात पाडणार!"

कोणीतरी कोपऱ्यातली चौकट मोठ्याने वाचली. "प्रस्तावित... रणभूमी." मग मावशी कळवळून म्हणाल्या, "नवीन इमारतीला नाव तरी बरं द्यायचं हो!"

मी जीव तोडून सांगत होतो की हा खेळ आहे, फासे बघा, टेप बघा. टेप पाहिल्यावर तर सगळ्यांची खात्रीच पटली. प्रत्येक जण टेप मागून आपापलं घर मोजू लागला. ए विंगवाल्यांना टाकी कोपऱ्यात फार आवडली. पाण्याचा दाब वाढेल म्हणाले आणि त्यांनी तिथल्या तिथे पाठिंबा जाहीर केला. बी विंगवाल्यांनी निषेधाचा कागद फिरवला. एकाने गुपचूप आपली गच्ची अर्धा इंच वाढवून घेतली. पण तुम्हाला सांगतो, सत्तावन्नांपैकी एकाही माणसाने खिडक्या बरोबर आहेत असं म्हटलं नाही. मोजून एकशे बारा खिडक्या केल्या होत्या हो मी!

या गर्दीत माझी नजर दाराकडे गेली आणि तिथं घड्याळजी उभे होते. इस्त्रीचा सदरा, दोन्ही हात खिशात. सहा महिन्यांनी ते माझ्याकडे बघत होते. मी आनंदाने हात केला. ते टेबलापाशी आले, सगळी सोसायटी नीट पाहिली, फाटक पाहिलं, आणि फाटकाशेजारची मोकळी जागा पाहिली.

"माझं दुकान कुठाय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी खिशात हात घालतोय तोवर दोनगाडीवाले मध्ये आले. "बरोबर आहे! दुकान काढलं ना, तिथं तीन गाड्या मावतात! एवढं एक मात्र साहेबांनी चांगलं केलं."

मी दुकान बाहेर काढलं तेव्हा घड्याळजी फाटकापर्यंत पोचले होते. हाक मारली, पण हॉलमध्ये सत्तावन्न माणसं बोलत असताना माझी हाक मलाच ऐकू आली नाही.

सचिवांनी मग टेबलावर पट्टी आपटली आणि जाहीर केलं की हा नमुना वादग्रस्त असल्यामुळे पुढच्या रविवारच्या सर्वसाधारण सभेपर्यंत सील करण्यात येत आहे. चारही कोपऱ्यांना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, सह्या घेतल्या. माझे सोळा शिपाई आत कैदेत पडले. मला 'विनापरवाना आराखडा का केला' याचा खुलासा सात दिवसांत मागवण्यात आला. ज्या माणसाच्या नकाशांवरून एकतीस वर्षं दुसऱ्यांना अशा नोटिसा गेल्या, त्याला नोटीस! त्यातही 'आराखडा'मधला एक काना गळून 'आरखडा' झाला होता. मी तो लाल पेनने दुरुस्त करून परत पाठवला.

पण खरं सांगू, नोटिशीचं मला काही वाटलं नाही. मला त्या मोकळ्या जागेकडे बघणारे घड्याळजी दिसत होते. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तोंड दिलंय ना देवाने? जा की आणि बोला. प्रत्येक वेळी पुठ्ठाच कापायला हवा का?"

सोमवारी सकाळी अकरा वाजता गेलो. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत डोकावलो. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले होते. पुढ्यात कोणाचं तरी उघडलेलं जुनं घड्याळ. उजवं मनगट त्यांनी चामड्याच्या पट्ट्याने फळीच्या कडेला बांधून ठेवलं होतं. तरी बोटांतला चिमटा हलत होता. थोडाथोडका नाही, चांगलाच. स्क्रू चिमट्यातून सुटला, टिणकन खाली पडला, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मला ती नवी पाटी आठवली. खिशातले हात आठवले. आणि गिऱ्हाइकांसमोर केलेला माझा तो चांगला विनोद आठवला. घड्याळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला मी चारचौघांत विचारलं होतं, हात थरथरतो की काय. आणि त्याने धंदा राखायला लबाडी कबूल केली होती. ती मी सहा महिने मिरवत होतो. मला माझी इतकी लाज वाटली की तिथूनच परत फिरावं असं झालं. पण वाकलेला होतो, कंबर धरली होती, त्यामुळे फिरता येईना.

"काय हवंय?" घड्याळजींनी मनगटाचा पट्टा घाईघाईने सोडला.

"दुकान द्यायला आलोय," मी म्हणालो आणि ते आगपेटीएवढं दुकान फळीवर ठेवलं. "कालच ठेवायचं होतं. खिशात होतं."

त्यांनी भिंगातून ते बराच वेळ पाहिलं. "पाटी जुनी रंगवलीत."

"मला तीच ठाऊक आहे." मी घसा खाकरला. "घड्याळजी, त्या दिवशी हात लागला होता."

"लावला होता," ते ताडकन म्हणाले.

"अहो, लागला होता!"

"माझा हात, मला ठाऊक! मी लावला होता!"

"मी समोर बसलो होतो, मला दिसलं! लागला होता!"

"सहा महिने तर लावला म्हणून गावभर सांगत होतात!"

"चुकलो! नियमाचा अर्थ चुकीचा लावला!"

"बघा, आता तुम्हीच लावलात म्हणताय!"

एक बाई सेल बदलायला शटरखाली वाकल्या होत्या, त्या आवाज ऐकून तशाच परत गेल्या. आम्ही दोघंही दमलो. घड्याळजींनी डाव्या हाताने उजवा हात धरून ठेवला होता.

"कुणाला बोललात तर याद राखा," ते म्हणाले.

"कशाबद्दल? मला काही दिसलंच नाही. चष्मा घरी राहिला."

"चष्मा डोळ्यावर आहे तुमच्या."

"आहे होय?" मी म्हणालो. त्यांना हसू आलं, पण ते त्यांनी भिंगामागे दडवलं. मी खाली वाकून त्यांचा स्क्रू शोधून दिला. त्याला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात आम्ही दोघंही काही बोललो नाही. सहा महिन्यांतली माझी सगळ्यात चांगली सकाळ होती ती.

रविवारी सर्वसाधारण सभा भरली. रणभूमी मध्यभागी, चारही बाजूंनी सील. माझ्यावर ठपका ठेवून नमुना नष्ट करावा, असा ठराव दोनगाडीवाल्यांनी मांडला. मावशींनी अनुमोदन दिलं. सचिव लाल पेनाने लिहू लागले, तेवढ्यात मागून घड्याळजी उठले. हात खिशात.

"सचिवसाहेब, एक शंका. सोसायटीच्या मंजूर नकाशात माझं दुकान आहे ना?"

सचिवांनी फाइल उघडली. "आहे."

"या नमुन्यात?"

सचिवांनी भोवती फिरून पाहिलं. "नाही."

"मग हा आपल्या सोसायटीचा नमुना कसा? ही दुसरी कुठली तरी सोसायटी असणार."

"पण बी विंग—" दोनगाडीवाले उठले.

"बी विंगा जगात पुष्कळ आहेत."

सचिव मुख्याध्यापक असले तरी कायद्यापुढे त्यांचा इलाज नव्हता. ठराव असा झाला: 'सदर नमुना या सोसायटीचा नसून अन्य कोणत्या तरी सोसायटीचा असल्याने सील काढण्यात यावे. त्या सोसायटीच्या बी विंगमधील रहिवाशांप्रति ही सभा सहानुभूती व्यक्त करते.' मावशींनी त्या अनोळखी लोकांसाठी डोळे पुसले. एकशे बारा खिडक्या मोजून केलेली माझी कामगिरी आमच्या सोसायटीसारखी नाही, असं एकमताने ठरलं. आयुष्यात माझ्या नकाशाचा एवढा अपमान झाला नव्हता, आणि मी स्वतः हात वर करून मत दिलं.

सगळे गेल्यावर आम्ही समोरासमोर बसलो. घड्याळजींनी डाव्या हाताने खिशातून ते आगपेटीएवढं दुकान काढून मला दिलं आणि मी ते फाटकाशी ठेवलं. घड्याळजींनी ते बोटाने जरासं रस्त्याकडे सरकवलं. "अर्धा इंच पुढे आहे," म्हणाले. बरोबर होतं. मला ते आधीच ठाऊक होतं, पण प्रत्यक्षातलं ते अतिक्रमण नोंदवायला माझा हात धजला नव्हता.

ते निळे, मी लाल. फासे त्यांच्या बाजूने पडत होते. माझे तीन शिपाई बी विंगच्या पडक्या भिंतीआड दबा धरून होते, आणि पुढच्या खेपेला मी त्यांच्या सरदाराला नक्की टिपणार होतो. घड्याळजींनी खिशातून उजवा हात काढला आणि आपला शिपाई उचलायला पुढे केला. हात हलला. माझे तिन्ही शिपाई आडवे झाले, भिंत कोसळली आणि मावशींचं उरलेलं स्वयंपाकघरही गेलं.

हॉलमध्ये फक्त भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. घड्याळजींनी हात मागे घेतला नाही. तसाच टेबलावर ठेवला, दिव्याखाली, थरथरत. आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"हात लागला."

"लागला," मी म्हणालो, आणि माझे शिपाई एकेक करून उभे केले. "चला, तुमचीच खेळी आहे."